भिंत झाकण्याआधी: इमारतींच्या ऊर्जा-तपासनिसाचं काम असतं तरी काय?

सिव्हिलचा डिप्लोमा, सहा वर्षं साइटवर सुपरवायझर, आणि आता इमारतींच्या ऊर्जा संहितेचा, म्हणजे वीज-इंधन वाया जाऊ नये म्हणून केलेल्या बांधकाम नियमांचा, तपासनीस व्हायची संधी चालून आली आहे. हे काम नुसतं कागदांवर सह्या करायचं आहे का, नव्याने काय शिकावं लागेल, आणि आजवर ज्यांच्या बाजूने उभे राहिलात त्याच ठेकेदारांशी रोज खटके उडणार का, असं तुम्ही विचारलंत.

मी हे काम सतरा वर्षं करतोय. त्याआधी तुमच्यासारखाच साइटवर होतो. तपासनीस फाटकात दिसला की पोरांना "तो कोपरा आवरा रे" म्हणून पिटाळणाऱ्यांपैकी. त्यामुळे दोन्हीकडचं ठाऊक आहे.

आधी या कामाची मूळ अडचण सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. स्ट्रक्चरची चूक राहिली तर तडा जातो. प्लंबिंगची राहिली तर खालच्या मजल्यावरचा माणूस दुसऱ्या दिवशी दार वाजवतो. वायरिंगची राहिली तर ट्रिप होतं, कधी आग लागते. आमच्या नजरेतून सुटलेली चूक पडत नाही, गळत नाही, जळत नाही. ती भिंतीच्या आत जाऊन बसते आणि इमारत उभी असेपर्यंत बिलातून थोडी थोडी वसुली करत राहते. राहणारा म्हणतो, "ही खोली जरा तापतेच," आणि एसी दोन अंश खाली करतो. त्याला ती चूक आहे हेच माहीत नसतं, मग तक्रार कुठली? म्हणून जे तुम्ही पाहिलं नाही ते पुढे कुणीच पाहणार नाही, असं धरून चालावं लागतं.

कागदांचं म्हणाल, तर कागद भरपूर आहेत आणि ते आधी वाचूनच साइटवर जायचं असतं. ऊर्जा संहिता ही तशी नवी गोष्ट. १९७३ च्या तेलसंकटाने सगळ्यांचे डोळे उघडले, १९७५ साली अमेरिकेत ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचं '९०-७५' हे मानक आलं, १९७८ साली कॅलिफोर्नियाने स्वतःचे नियम लागू केले. भारतात २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ साली ईसीबीसी (मोठ्या व्यावसायिक इमारतींची ऊर्जा संहिता) आली, २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहितेचा पहिला भाग. देश कुठलाही असो, सांगाडा बहुतेक एकच दिसतो: बाहेरचं कवच, हवा थंड-गरम करणारी यंत्रणा, गरम पाणी, दिवे, आणि या सगळ्यांवरची नियंत्रणं. आकडे हवामानाप्रमाणे बदलतात.

सांगाड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे इमारत कोणत्या वाटेने पास झाली आहे. एक वाट तक्त्याची: छताला एवढं, भिंतीला एवढं, काचेला एवढं, प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसली पाहिजे. दुसरी देवाणघेवाणीची: भिंतीत थोडं कमी, त्याची भरपाई छतात. तिसरी पूर्ण इमारतीच्या संगणकीय सिम्युलेशनची, जिथे वर्षभराची एकूण ऊर्जा नमुना इमारतीपेक्षा जास्त नाही हे दाखवायचं असतं. नवखा असताना मी एका छतावर पट्टी लावली, ५० मिलिमीटरचा बोर्ड दिसला, तक्त्यात ७५ होता, आणि तिथल्या तिथे लाल शेरा मारला. आर्किटेक्ट बाईंनी शांतपणे फाइल उघडून दाखवली: इमारत तिसऱ्या वाटेची होती, छत मुद्दाम पातळ ठेवून काच भारी घेतली होती, आणि ५० हाच मंजूर आकडा होता. दहा माणसांसमोर शेरा खोडावा लागला. तेव्हापासून गाडीतून उतरण्याआधी फाइलचं पहिलं पान बघतो.

मात्र त्याच तिसऱ्या वाटेच्या इमारतीत शेवटच्या महिन्यात "तशीच दुसरी" काच आली, तर सगळा हिशेब कोसळतो. काचेच्या जिवावर छत पातळ केलेलं असतं ना! म्हणून "इक्विव्हॅलंट" हा शब्द कानावर पडला की मी वही काढतो. यू व्हॅल्यू (किती उष्णता आरपार जाते ते) किती, सौर उष्णतेचा गुणांक (उन्हाची किती उष्णता आत येते तो) किती, बदलाला मंजुरी कुणी दिली, आणि सिम्युलेशन पुन्हा चालवलं का.

आता भिंतीकडे येऊ, कारण तुमचं निम्मं आयुष्य तिथे जाणार आहे.

इन्शुलेशन म्हणजे मुळात अडवून ठेवलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे साधारण ०.०२५ वॅट, रॉकवूल-ग्लासवूलची ०.०३५ ते ०.०४० च्या आसपास. काँक्रीट त्याच्या चाळीसपट आणि वर. तंतूंनी हवा धरून ठेवली आहे तोवर काम होतं. रोल दाबून कोंबला की हवा निघून जाते आणि जाडी कमी झाल्यामुळे अडथळाही कमी होतो. ९० मिलिमीटरचा रोल ६० च्या फटीत बसवून "साहेब, फुल्ल टाइट बसवलाय" असं अभिमानाने सांगणारा मिस्त्री तुम्हाला भेटेल. त्याला वाटतं, त्याने जास्त माल घातला.

वायर किंवा पाइप मधून गेला असेल तर रोल त्याच्यामागे दाबायचा नसतो. सुरीने अर्ध्या जाडीत चीर द्यायची, अर्धा रोल वायरीच्या मागे, अर्धा पुढे. स्विचच्या बॉक्सभोवती बॉक्सच्या आकाराचा तुकडा कापून काढायचा. हे बघायला मी बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरतो. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट आणि छान दिसतं. तिरप्या उजेडात प्रत्येक खळग्याची सावली पडते, कोपऱ्यात बोटभर फट असेल तर काळी रेघ उमटते. मग त्या रेघेत बोट घालून बघायचं, मागची भिंत लागते का. लागली तर तिथे फट आहे, आणि तिच्यातून हवा रोलमागे वरखाली फिरते. अशी फिरणारी हवा असली की पुढचा रोल केवळ शोभेचा.

"एवढ्याशा फटीने काय होतंय?" हे वाक्य तुम्ही आठवड्यातून चारदा ऐकाल. त्याचं उत्तर आकड्यात पाठ करून ठेवा. समजा भिंतीचा आर, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, ३.५ आहे आणि शंभरातली पाच चौरस मीटर जागा मोकळी राहिली, तिथे आर ०.५. सरासरी आर काढताना टक्क्यांनी वजा करून चालत नाही, उष्णता सोप्या वाटेने पळते म्हणून यू व्हॅल्यूंची (यू म्हणजे एक भागिले आर) बेरीज करावी लागते. ०.९५ भागिले ३.५, अधिक ०.०५ भागिले ०.५. उत्तर येतं ०.३७, म्हणजे आर २.७. पाच टक्के फटीने जवळजवळ पाव भिंत खाल्ली. मी हे पेन्सिलने तिथल्याच जिप्सम बोर्डावर लिहून दाखवतो. इंजिनिअर लोक गप्प होतात, मिस्त्री मात्र म्हणतो, "मग आधी सांगायचं की." त्याचं बरोबरच असतं.

धातूचंही असंच. पोलादी उभे मेंबर असलेल्या भिंतीत अमेरिकन मापाचा आर-१३ चा रोल १६ इंचांच्या अंतरात बसवला तर ॲश्रे ९०.१ च्या तक्त्याप्रमाणे पदरात पडतो साधारण आर-६. निम्म्याहून कमी. लेबल खरं, बसवणूकही निर्दोष, तरीही उष्णता मेंबरमधून आरपार जाते. म्हणून बाहेरून सलग थर मागतात, आणि म्हणूनच तो थर ब्रॅकेटसाठी, छज्जासाठी, बाल्कनीच्या स्लॅबपाशी कुठे कुठे तुटला आहे हे नकाशावर मोजून जावं लागतं. तिथे पोहोचल्यावर सुचत नाही.

चकचकीत फॉइलबद्दल एक सांगतो, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. फॉइल उष्णतेचं उत्सर्जन आणि शोषण कमी करतं, त्यासाठी त्याच्या एका बाजूला हवेची पोकळी लागते. दोन थरांच्या मध्ये मॉर्टरने चिकटवून टाकलेलं फॉइल हे फक्त महागडं कागदाचं वेष्टन. एकदा पूर्ण छतावर असं फॉइल काँक्रीटखाली गाडलेलं पाहिलं. कंत्राटदार माहितीपत्रक दाखवत होता, त्यात पोकळीसकटचा आकडा होता. पोकळी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "ती पत्रकात आहे."

गच्चीवर बोर्ड टाकताना दोन थर घेऊन सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत आणि वरच्या सांध्यांना टेप लावायचा. टेप नसेल तर वरून ओतलेला मसाला फटींत उतरतो आणि घट्ट होऊन काँक्रीटच्या पातळ भिंती तयार होतात, इन्शुलेशनच्या आरपार. वॉटरप्रूफिंगवाला आणि इन्शुलेशनवाला वेगळे ठेकेदार असतात, आणि सांधा हे दोघांपैकी कुणाचंच काम नसतं.

फाटकातून आत शिरलो की मी आधी कचऱ्याच्या ढिगाशी जातो. पोरं हसतात, पण मालाचं वेष्टन खोटं बोलत नाही. एका ठिकाणी ४०० चौरस मीटर छत होतं आणि एका पॅकमध्ये ७.२ चौरस मीटर बोर्ड. म्हणजे ५६ पॅक लागायला हवेत. ढिगात आणि गोदामात मिळून रिकामी वेष्टनं निघाली ३८. छतावर स्क्रीड, म्हणजे बोर्डावरचा सिमेंटचा थर, ओतून झालं होतं. "बाकीची भंगारवाल्याला दिली" असं उत्तर आलं. शक्य होतं. मी चलनं मागितली, चलनांवरही ३८. मग तीन ठिकाणी फुटभर चौकोन फोडायला लावले. दोन ठिकाणी बोर्ड निघाला, तिसऱ्या, टाकीच्या मागच्या बाजूला, थेट स्लॅब. तिथपर्यंत माल पुरला नव्हता, आणि मधे स्क्रीडची तारीख ठरलेली होती. कुणी लबाडी करायला बसलं नव्हतं. माल कमी आला, पंप दारात उभा, काम तसंच पुढे रेटलं गेलं. बहुतेक वेळा एवढंच असतं.

वेष्टनावर जाडी, घनता, वाहकता, बॅच नंबर असतो. त्याचा फोटो आणि टेस्ट रिपोर्ट जुळतो का बघा. रिपोर्ट ३२ किलोच्या घनतेचा आणि माल २४ चा, हे नेहमीचं.

काचेसाठी माझ्या खिशात एक साधा लायटर असतो. महागडी यंत्रं आहेत, ती वापराही, पण लायटर कधी बंद पडत नाही. दुहेरी काचेसमोर ज्योत धरली की चार प्रतिबिंबं दिसतात, प्रत्येक काचेच्या दोन्ही पृष्ठांची. त्यातलं एक इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचं, जांभळट किंवा हिरवट दिसतं. तो लो-ई लेप, उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर. बाहेरून मोजत गेलं तर उष्ण प्रदेशात तो दुसऱ्या पृष्ठावर हवा, म्हणजे ऊन पोकळीच्या आत शिरण्याआधी परतवलं जातं. थंड प्रदेशात आतली उब राखायला तो बहुधा तिसऱ्यावर असतो. एका इमारतीत पश्चिमेच्या भिंतीचे सगळे पॅनल योग्य कंपनीचे, योग्य लेबलचे, आणि ज्योतीत रंगीत ठिपका तिसऱ्या जागी! पॅनल उलटे बसले होते. गंमत अशी, की उलट बसवलं तरी यू व्हॅल्यू तीच राहते, त्यामुळे ठेकेदार शपथेवर सांगत होता की काही फरक पडत नाही. फरक पडतो सौर उष्णतेच्या गुणांकात, तो वाढतो, आणि पश्चिमेच्या काचेला खरं काम तेच. बावीस पॅनल काढून फिरवून बसवले. लेबल तोपर्यंत साफसफाईवाल्याने काढून टाकलेलं नव्हतं म्हणून बरं. सांगून ठेवा, तपासणी होईपर्यंत काचेवरचं स्टिकर कुणी खरवडायचं नाही.

चौकटीकडेही बघा. ॲल्युमिनियमची वाहकता पीव्हीसीच्या साधारण हजारपट. मध्ये न वाहणारी पट्टी आहे का, हे कापलेल्या तुकड्याच्या टोकाशी लगेच दिसतं. असा तुकडा भंगारात असतोच. पुन्हा तोच ढीग.

हवेच्या गळतीची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण एरवी अदृश्य असणारं त्या दिवशी हाताला लागतं. मुख्य दारात कापडी पडदा आणि पंखा बसवायचा, बाकी सगळं बंद करून आतबाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक आणायचा. चारही बाजूंनी जोराचा वारा लागावा तसं घर वागायला लागतं. पंख्यातून तासाला किती हवा जाते, भागिले घराचं घनफळ. ३०० घनमीटरच्या घरातून तासाला ९०० घनमीटर गेली तर आकडा ३, म्हणजे तासात घरातली हवा तीनदा बदलते. अमेरिकेतल्या आयईसीसी या ऊर्जा संहितेने २०१२ च्या आवृत्तीत घरांसाठी हवामानाप्रमाणे ५ किंवा ३ ची मर्यादा घातली. पॅसिव्ह हाउसवाले (अगदी कमी ऊर्जेवर चालणाऱ्या घरांचं मानक पाळणारे) ०.६ मागतात. आकडा मिळाला की खरं काम सुरू होतं: गळती शोधणं. पंखा चालू ठेवून पाठमोरा हात ओला करून फिरवा. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला झुळूक पटकन कळते. सिंकखालचं पाइपचं भोक, बाथटबमागची न लिंपलेली भिंत, शाफ्टचं झाकण, माळ्याची झडप, बाहेरच्या भिंतीतले स्विच. एकदा बेडरूममधल्या प्लगच्या भोकांतून इतकी हवा येत होती की शेजारच्या टेबलावरचा कागद हलत होता, आणि ते सॉकेट आतल्या भिंतीत होतं! ती भिंत वर माळ्याशी उघडीच सोडलेली. हवा वरून उतरून भिंतीतून येत होती. बाहेरच्या भिंतीला सिलिकॉनच्या डझनभर नळ्या रिकाम्या केल्या होत्या.

चाचणीआधी इंधनावर चालणारा गीझर, भट्टी वगैरे बंद आहे याची स्वतः खात्री करा, दुसऱ्याच्या शब्दावर नको. दाब बदलला की धूर आत ओढला जातो. आणि घर घट्ट केलं की ताज्या हवेची सोय यंत्राने करावी लागते, तीही तपासायची. नुसतं घट्ट घर पास करून निघून जाणं हा अर्धवटपणा आहे.

डक्टची गळती २५ पास्कलवर मोजतात, तत्त्व तेच. गार पाण्याच्या पाइपवर मात्र जाडीपेक्षा बाष्परोधक आवरण सलग आहे का हे आधी बघा. क्लॅम्पच्या खाली इन्शुलेशन चेपलेलं, आवरण फाटलेलं, आणि तिथेच दव धरून थेंब पडतात. आमच्या कामातली एवढी एकच चूक जी बोंब मारते. फॉल्स सीलिंगवर डाग पडतो, मग सगळे धावतात.

दिव्यांचं काम सोपं आहे. चौरस मीटरमागे वॅट मोजायचे, शेड्यूलशी जुळवायचे. नियंत्रणं मात्र चालवून बघा. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर चिकटपट्टी, टायमर कायमचा 'मॅन्युअल'वर, बाहेरची हवा घेणारं डँपर (डक्टमधली झडप) तारेने बांधून ठेवलेलं. डँपरला आज्ञा देऊन ते हलतं का हे डोळ्यांनी पाहिलं नाही, तर स्क्रीनवरच्या हिरव्या ठिपक्याला काही अर्थ नाही.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल लोकांच्या अवास्तव कल्पना असतात. आतबाहेर निदान दहा अंशांचा फरक नसेल तर तो फारसं काही दाखवत नाही. चकचकीत धातूसमोर धरला तर त्यात तुमचंच प्रतिबिंब दिसतं. आणि दाखवलं तरी भिंत झालेली असते.

यावरून माझी एक चूक सांगायलाच हवी. एका साइटवर शनिवारी जिप्सम बोर्ड लावून भिंती झाकायच्या होत्या, मी दुसरीकडे अडकलो होतो. ठेकेदार म्हणाला, "साहेब, फोटो पाठवतो, फोटोवर सही द्या." चार भिंतींचे चार फोटो आले, छान, तिरप्या उजेडातसुद्धा. सही दिली. काही महिन्यांनी थंडीत कॅमेरा घेऊन सहज गेलो तर दोन भिंती साफ रिकाम्या. घरी येऊन जुने फोटो मोठे करून पाहिले. चारही फोटोंत कोपऱ्यात एक स्टूल आणि त्यावर निळ्या झाकणाचा रंगाचा डबा, दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. दोन भिंतींचेच फोटो दोन बाजूंनी काढलेले. ठेकेदार जितका दोषी, तितकाच मी. सही माझी होती. आता फोटो घ्यावाच लागला तर भिंतीवर खोलीचा क्रमांक आणि तारीख खडूने लिहायला लावतो, मोजपट्टी फोटोच्या चौकटीत धरायला लावतो, आणि एक फोटो दारात उभं राहून पूर्ण खोलीचा. तरीही झाकण्याआधी स्वतः जाणं याला पर्याय सापडलेला नाही.

खटके उडण्याबद्दल. उडतात, पण बरेचसे आपल्याच उशिरामुळे. भिंत बंद झाल्यावर येऊन चूक दाखवणारा तपासनीस कुणालाही शत्रूच वाटणार. म्हणून काम सुरू होताना मी एक फेरी फुकटची मारतो आणि मुकादमाला म्हणतो, "दादा, पहिली एक खोली पूर्ण करा आणि मला बोलवा, तोवर दुसरीला हात लावू नका." त्या एका खोलीत जे काय वाद व्हायचे ते होऊन जातात. पुढच्या चाळीस खोल्या तशाच होतात, कारण मिस्त्रीला काय हवं आहे ते हाताने कळलेलं असतं.

शेरा लिहिताना कलमाचा क्रमांक, जागा, काय दिसलं आणि काय हवं होतं, एवढंच. "माझ्या मते" हे दोन शब्द लिहिलेत की वाद तुमच्या मतावर सुरू होतो. दुरुस्ती कशी करायची हे लेखी सांगू नका. तोंडी दोन पर्याय सुचवायला हरकत नाही, पण डिझाइन त्यांचं, जबाबदारी त्यांची. आगरोधक सीलंटच्या जागी तुम्ही साधा फोम सुचवलात आणि तो शाफ्ट अग्निसुरक्षेचा निघाला, तर? त्या जागा अग्निसुरक्षेच्या तपासनिसावर सोडा.

प्रत्येक गोष्टीला लाल शेरा मारायचा नसतो, हे शिकायला मला पाच वर्षं लागली. एका खिडकीचं गॅस्केट दोन सेंटिमीटर उचललंय, ते सांगून तिथेच बसवून घ्या, कागदावर आणू नका. पण छताचा थर, काचेची बाजू, झाकलेली भिंत, यावर माघार नाही. तारीख आली आहे, मालक परदेशातून येतोय, तुमच्या वरिष्ठांना फोन गेलाय, हे सगळं होईल. फोन गेला तर जाऊ द्या. फोडून दाखवा म्हणा, तेही थोडकं, जिथे शंका आहे तिथेच. पूर्ण भिंत फोडायला लावणारा तपासनीस एकदाच जिंकतो, मग त्याला कुणी वेळेवर बोलावत नाही.

शिकायचं काय? साइटचं तुम्हाला येतंच, आणि या क्षेत्रात तीच गोष्ट दुर्मिळ आहे. कमी पडेल ते यांत्रिकीचं: डक्टचे आणि पाइपचे नकाशे वाचणं, हवेतली आर्द्रता आणि दवबिंदू, कूलिंग यंत्राच्या पाटीवरच्या आकड्यांचा अर्थ. सिम्युलेशन चालवता नाही आलं तरी चालेल, त्याचा अहवाल वाचता आला पाहिजे, विशेषतः सुरुवातीला काय काय गृहीत धरलंय ते पान. संहिता हातात घ्याल तेव्हा व्याख्यांचं प्रकरण आधी वाचा. 'वातानुकूलित जागा' म्हणजे काय यावरच अर्धे वाद होतात. परीक्षा देशागणिक वेगळ्या. अमेरिकेत इंटरनॅशनल कोड काउन्सिल निवासी आणि व्यावसायिक ऊर्जा-तपासनिसांच्या स्वतंत्र परीक्षा घेते. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा आहे, पण ऑडिटरचं काम चालू इमारतीतली उधळपट्टी शोधायचं. आपलं काम ती आधीच होऊ न देण्याचं. पुष्कळ लोक घोळ करतात. आणि गुडघे सांभाळा. माळ्यावर रांगताना कुठलीही परीक्षा उपयोगी पडत नाही.

होकार द्यायच्या आधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: झाकण्याआधीची तपासणी झाल्याशिवाय पुढचं काम थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे का, की इमारत रंगून झाल्यावर शेवटच्या फेरीलाच बोलावणार? दुसरं असेल तर तुम्हाला दिसतील दिवे, पाट्या आणि काचेवरची स्टिकरं. तशी नोकरी मला एकदा आली होती, पगारही बरा होता. मी घेतली नाही.